शर्यतीचा ब्रेकपॅड

घाटात नुकतंच डांबर पडलं होतं, तेव्हाची गोष्ट. इंद्रजित आपल्या वेगवान गाडीतून रोज पहाटे दूध आणायला जायचा. हौसेने त्याने तिला शर्यतीचे ब्रेकपॅड बसवून घेतले. जुने डिकीत पडले.

"मी कितीही तापलो तरी पकड सोडत नाही," नवा पॅड म्हणाला.

"आणि गार असताना?" जुन्याने विचारलं.

"गार पॅडने कोण शर्यत लावतं?"

पहाटे गाडी फाटकाबाहेर पडली, तोच समोर रेडकू आलं. इंद्रजितने ब्रेक दाबला, पण गाडी थांबेना. शेवटी त्याने ती बांधावर घातली.

"मी अजून तापलो नव्हतो," नवा पॅड पुटपुटला.

थरथरणाऱ्या रेडकाला चाटत म्हैस म्हणाली, "मग तू तापेपर्यंत रस्त्यात यायचं नाही, हे याला आधी सांगायचंस."