उलट्या आट्यांचा नट

एक होती गल्ली. भंगारगल्ली. तिथे जुनं ते सगळं मिळायचं. कुणी द्यायचं, कुणी घ्यायचं. कुणी नुसतीच अदलाबदल करायचं.

गल्लीच्या टोकाला राहायची एक चिचुंद्री. तिचं नाव चिमी. चिमी एवढीशी. नाक मात्र लांब. आणि काम तर त्याहून मोठं! चिमी रेसची गाडी जोडत होती.

गाडी आली होती खोक्यातून. सुटी सुटी. आपली आपण जोडायची. पण खोकं होतं जुनं. त्यात अर्धी गाडी नव्हतीच! मग चिमी शोधत सुटली. बाटलीची झाकणं मिळाली, झाली चार चाकं. बंद पडलेलं घड्याळ मिळालं. खुडबुड खुडबुड केलं, झालं इंजिन. चष्म्याची काच मिळाली, ती बसली पुढे. मग दिला लाल रंग. अहाहा! काय झोकात दिसायला लागली गाडी!

आणि गाडीत आधीच कोण बसलं होतं? यमू गोगलगाय. सकाळी चढायला लागली, दुपारी एकदाची बसली.

यमू म्हणाली, "चिमे, मला एकदा जोरात जायचंय गं. एकदाच!"

जायचं तर आजच. पाऊस संपला होता. उद्या यमू शंखाचं दार लावणार. झोपणार. थेट पुढच्या पावसात उठणार. म्हणजे बघा, केवढा उशीर!

"आजच नेते," चिमी म्हणाली. "एकच नट आवळायचा राहिलाय."

तो होता डाव्या चाकाचा नट. नटाच्या पोटात असतात गोल गोल रेघा. त्यांना म्हणतात आटे. या नटाचे आटे होते उलटे! बाकीचे नट असे फिरवले की बसतात. हा तसा फिरवला की बसतो. पण हाताला सवय कसली? असं फिरवायची.

चिमीनं फिरवला असा. कुर्र कुर्र. अजून असा. कुर्र कुर्र. नट बसला का? छे! नट निघाला!

टिण्ण! टिण्ण! टिण्ण! डुबुक!

गेला गटारात. चिमीचं तोंड एवढंसं झालं.

"रडू नको गं," यमू म्हणाली. "मी बसलेय. मी कुठे जातेय?"

चिमी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली बेडूकमामाकडे. मामाकडे डबाभर नट.

"मामा, मामा, नट देतोस? उलट्या आट्यांचा?
नट बसेल चाकाला,
चाक फिरेल झट,
यमूला नेईन भुर्रर्र!"

"डराँव!" मामा म्हणाला. "तसला एकच आहे. पण माझी खुर्ची बघ. बसलं की ढुप्प! मला स्प्रिंग आण. मग देईन नट."

चिमी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली घूसमावशीकडे. मावशी टेम्पो मागे घेत होती. मागे, मागे, मागे... धडाम!

"मावशी, मावशी, स्प्रिंग देतेस?
स्प्रिंग देईन मामाला,
मामा देईल नट,
नट बसेल चाकाला,
चाक फिरेल झट,
यमूला नेईन भुर्रर्र!"

"स्प्रिंगा ढीगभर आहेत," मावशी म्हणाली. "पण मला मागचं काही दिसत नाही बाई! तिसऱ्यांदा आपटले खांबावर. मला आरसा आण. मग देईन स्प्रिंग."

चिमी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली सरडेदादाकडे. दुकान होतं. दादा कुठे दिसेना.

"दादा! अरे दादा!"

"आई गं! शेपटीवर पाय दिलास!"

दादा तिथेच होता. मातीत मातीसारखा.

"दादा, दादा, आरसा देतोस?
आरसा देईन मावशीला,
मावशी देईल स्प्रिंग,
स्प्रिंग देईन मामाला,
मामा देईल नट,
नट बसेल चाकाला,
चाक फिरेल झट,
यमूला नेईन भुर्रर्र!"

"आरसा आहे," दादा म्हणाला. "पण मी कुणाला दिसतच नाही. येतो तो तुडवून जातो. मला हॉर्न आण. मग देईन आरसा."

चिमी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली बदकआत्याकडे. आत्या हॉर्न पुसत होती.

"आत्या, आत्या, हॉर्न देतेस?
हॉर्न देईन दादाला,
दादा देईल आरसा,
आरसा देईन मावशीला,
मावशी देईल स्प्रिंग,
स्प्रिंग देईन मामाला,
मामा देईल नट,
नट बसेल चाकाला,
चाक फिरेल झट,
यमूला नेईन भुर्रर्र!"

आत्यानं हॉर्नचा रबरी फुगा दाबला. पुस्स!

"ऐकलंस?" आत्या म्हणाली. "भोक पडलंय. असला हॉर्न मी कुणाला द्यायची नाही. गल्लीत माझं नाव आहे म्हटलं! आधी ठिगळ आण. मग देईन हॉर्न."

चिमी निघाली. आता पाय दुखायला लागले. तरी तुरुतुरु तुरुतुरु. गेली खेकडेबुवांकडे. बुवांचं पंक्चरचं दुकान. तिथे एक सायकल उलटी उभी. बुवा घामाघूम.

चिमीनं घेतला मोठ्ठा श्वास.

"बुवा, बुवा, ठिगळ देता?
ठिगळ देईन आत्याला,
आत्या देईल हॉर्न,
हॉर्न देईन दादाला,
दादा देईल आरसा,
आरसा देईन मावशीला,
मावशी देईल स्प्रिंग,
स्प्रिंग देईन मामाला,
मामा देईल नट,
नट बसेल चाकाला,
चाक फिरेल झट,
यमूला नेईन भुर्रर्र!"

"ठिगळ?" बुवा करवादले. "मला वेळ कुठाय? सकाळपासून हे पेडल काढतोय. निघतच नाही मेलं! हे निघाल्याशिवाय मी हलायचा नाही."

चिमी मटकन खाली बसली. ऊन कलायला लागलं होतं. यमू एकटीच बसली असेल. चिमीला रडूच आलं.

बुवा पेडल फिरवत होते. तसं. कुर्र कुर्र. अजून तसं. कुर्र कुर्र.

चिमीनं डोळे पुसले. नाक वर केलं.

"बुवा, हे पेडल डावं ना?"

"असेल बाई. मी चालतो तिरका. मला डावं-उजवं कधी कळलंय?"

"डावंच आहे! डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. तुम्ही काढत नाही आहात बुवा. सकाळपासून तुम्ही आवळताय!"

"आँ?"

"मीही आज अशीच चुकले. असं फिरवा. असं!"

बुवांनी फिरवलं असं. कर्र... कर्र... टुक्क! पेडल निघालं! बुवा इतके खूश झाले, इतके खूश झाले, की सरळ चालायला गेले आणि धप्पकन पडले.

"घे पोरी, घे! हे घे ठिगळ!"

तुरुतुरु तुरुतुरु! ठिगळ लागलं हॉर्नला. आत्यानं दाबला. पों पों! "हं, आता जाऊ दे बाहेर," आत्या म्हणाली. तिनं दिला हॉर्न.

तुरुतुरु तुरुतुरु! दादानं वाजवला हॉर्न. पों पों! सगळे लांबून वळून गेले. शेपटीवर कुणाचा पाय नाही! दादा आनंदानं पिवळा झाला, मग हिरवा झाला. त्यानं दिला आरसा.

तुरुतुरु तुरुतुरु! मावशीनं आरशात पाहिलं. "अगो बाई! हा खांब इथे आहे होय!" तिनं दिली स्प्रिंग.

तुरुतुरु तुरुतुरु! मामानं खुर्चीला स्प्रिंग लावली. मामा बसला. टुंइंइं! डोकं लागलं छपराला. "डराँव! पुन्हा!" टुंइंइं! उडता उडता मामानं दिला नट.

चिमीनं नट घट्ट धरला. सोडतेय कशाला! आली गाडीपाशी. यमूचे डोळे मिटायला लागले होते.

"यमे, झोपू नको! आले मी!"

चिमीनं नट लावला. असा? नाही नाही. तसा! कुर्र कुर्र कुर्र. नट बसला गच्च. मग दिली किल्ली. टिक टिक टिक टिक...

भुर्रर्रर्रर्र!

निघाली गाडी! बुवा गेले मागे. आत्या गेली मागे. दादा होता का? असेल, पों पों ऐकू आलं! मावशी गेली मागे. मामा तर वरच होता. टुंइंइं!

यमूच्या शिंगांना वारा लागला. शिंगं गेली मागे. गाल गेले मागे. जन्मात कधी यमूला वारा असा लागला नव्हता.

"घाबरलीस का गं?" चिमीनं विचारलं.

"जोरात!" यमू ओरडली. "चिमे, अजून जोरात!"

एक चक्कर झाली. दोन झाल्या. तीन झाल्या. गल्लीत सगळे टाळ्या वाजवत उभे.

गाडी थांबली.

"उतर आता, यमे."

"कोण उतरतंय?" यमू म्हणाली.

तिनं आधी शिंगं आत घेतली. मग मान आत घेतली. सीटवर बसल्या बसल्या शंखाचं दार ओढून घेतलं. आणि आतून बारीक आवाज आला,

"मी झोपते. तू चालव!"

चिमी खुदकन हसली. दिली किल्ली.

गाडी गेली लांब लांब, गोष्ट म्हणाली थांब थांब!