मुंगसाचा लेप आणि कोल्ह्याची टाळी

कोल्हा चोर हाय म्हणं! कुणी सांगितलं तुला? चोरी झालीच न्हाई, आधी नीट ऐकून घे.

लई मागं रानातल्या विद्यापीठात एका मुंगसानं तीन वरसं मुळ्या उगाळून गोचिडांवर लेप काढला. म्हशीला लावला की गोचीड टपाटप गळायचे. लेप विकायचा अन् प्रयोगशाळेचं गळकं छप्पर शाकारायचं, असा त्याचा बेत.

नव्या शोधांची नोंदणी करणारं कासव म्हणालं, "मुंगूसराव, आधी माझ्याकडं नोंदवा, म्हंजी दुसऱ्या कुणाला विकता येणार न्हाई, मग बोंबला."

"थांब रं म्हाताऱ्या, आज सत्कार हाय माझा!"

शाल मिळाली, नारळ मिळाला. मुंगूस असं फुगलं, की कुठली मुळी, किती उगाळायची, समदं माईकवर सांगून बसलं. कोल्ह्यानं पहिल्या रांगेत बसून लिहून घेतलं, वर टाळ्याबी वाजवल्या. आठ दिसांत बाजारात कोल्ह्याचा लेप!

मुंगूस तणतणत कासवाकडं गेलं. "धर त्या चोराला!"

"कशापायी? तू चव्हाट्यावर सांगितलंस, आता ते समद्यांचं झालं."

"जाऊ दे मरू दे! म्या माश्यांवर दुसरा लेप काढलाय. त्यात की नई, आधी कडू..."

आजूबाजूच्या समद्यांचे कान टवकारले. कासव खेकसलं, "तोंड मिट! आधी इथं सही कर."