दगडाच्या अंगाची माणसं

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतक्या जुन्या, की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. लहानांनी ती ऐकावीच, पण खरी ती मोठ्यांसाठी आहे. कारण तिच्यात शिकायला बसायची पाळी मोठ्यांवर आली होती.

डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं आणि नगराबाहेर काळ्या दगडाची खाण होती. खाणीत राबणारे लोक कैक पिढ्यांपूर्वी समुद्रापलीकडून आणले गेले होते. रंग काळाभोर, केस कुरळे. नगरातले वाडे, देवळं, तटबंदी, सगळं त्यांनीच फोडलेल्या दगडाचं होतं. पण नगरात त्यांना घर बांधायची मुभा नव्हती. दिवस कलला की त्यांना वेशीबाहेर जावं लागे.

त्यांच्याबद्दल नगरात सगळेच एक गोष्ट सांगत. "दगड फोडणाऱ्यांचं अंगही दगडाचंच. त्यांना आपल्यासारखं दुखत नाही." हे पहिल्यांदा कोण म्हणालं, ठाऊक नाही. आया पोरांना सांगत, गुरू शिष्यांना सांगत. ते खरं आहे का, हे खाणीवर जाऊन कुणी विचारलं मात्र नव्हतं.

त्या नगरात एक वैद्य होता. हाताचा हलका, जिभेचा गोड. मोडलेलं हाड बसवण्याआधी तो रोग्याला गुंगीचा काढा पाजायचा, दुखरा भाग कोमट तेलानं शेकायचा, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचा. आणि हाड कधी बसलं ते रोग्याला कळायचंही नाही. खाणीतलं माणूस आलं, की मात्र तो काढ्याची वाटी बाजूला सारायचा आणि हाड सरळ ओढायचा. त्याच्या गुरूंनीच तसं शिकवलं होतं. "ज्यांना दुखत नाही, त्यांच्यावर औषध कशाला वाया घालवायचं?"

तो दुष्ट नव्हता बरं. नगरातले बाकीचे वैद्य खाणवाल्यांना ओट्यावरही चढू देत नसत. हा निदान अंगणात बसवून तपासायचा. म्हणून तो स्वतःला दयाळू समजायचा आणि लोकही त्याला तसंच समजायचे.

एके दिवशी सकाळी खाणीतली एक म्हातारी, कोंडाई तिचं नाव, आपल्या मुलीला घेऊन त्याच्या अंगणात आली. मुलीचं नाव सोनकी. आदल्या दिवशी एक शिळा घसरून तिच्या कुशीवर आदळली होती. वरून जखम दिसत नव्हती, पण पोरगी पोट धरून दुमडली होती.

"पोटात फार दुखतंय हो," सोनकी म्हणाली. "आतून कुणी चिरतंय असं वाटतंय."

वैद्यानं पोट दाबून पाहिलं. ती किंचाळली. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या.

"खरचटलंसुद्धा नाही आणि केवढा कांगावा! काम चुकवायचंय, दुसरं काय."

"वैद्यबुवा, माझी पोर खोटं बोलत नाही," कोंडाई हात जोडून म्हणाली. "पहाटेपासून तिच्या घशाखाली पाणी उतरलेलं नाही. तिला इथं पडू द्या. लक्ष तरी ठेवा."

"म्हातारे, तुमच्या लोकांना एवढं दुखत नसतं. मी काय आजचा वैद्य आहे?" असं म्हणून त्यानं चिमूटभर चूर्ण तिच्या हातावर टेकवलं आणि तो घाईनं उठला. सेनापतीच्या वाड्यावरून बोलावणं आलं होतं. सेनापतीची लेक झोपाळ्यावरून पडली होती.

तिच्याही अंगावर जखम नव्हती. तिचंही पोट दुखत होतं. वैद्यानं तिला जागेवरून हलू दिलं नाही, गुंगीचा काढा दिला, नाडी धरून तो दिवसभर उशाशी बसून राहिला. "घाबरू नकोस बाळ," तो तिला सारखं सांगत होता. "दुखतंय, ठाऊक आहे मला." ती मुलगी वाचली.

सोनकी खाणीत परत गेली. मुकादमानं तिच्या डोक्यावर खडीची पाटी ठेवली. उन्हं कलायच्या आधीच ती खडीच्या ढिगावर कोसळली, ती उठलीच नाही.

कोंडाईनं आकांत केला नाही. तिनं लेकीला खांद्यावर घेतलं, नगर ओलांडलं, आणि ती राजवाड्याच्या दारात जाऊन लेकीला मांडीवर घेऊन बसली. तिच्यामागून खाणीतली सगळी माणसं आली. हातोड्यांचा आवाज थांबला. त्या नगरानं तसली शांतता आधी कधी ऐकली नव्हती.

राणी बाहेर आली. दोन्ही मुलींची हकीकत तिनं ऐकली. तिचा चेहरा उतरला.

"बाई, काय शिक्षा करू त्या वैद्याला?" तिनं विचारलं. "त्याचे हात तोडू?"

वैद्याला शिपायांनी आणून उभं केलं होतं.

कोंडाईनं त्याच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "हात तोडून काय होणार, राणीसाहेब? उद्या दुसरा वैद्य येईल, तोही हेच शिकून आलेला असेल. हे शिकलेत, तसं ह्यांना दुसरंही शिकता येईल. सगळ्या वैद्यांना शिकायला बसवा."

"कोण शिकवणार?"

"मी."

राणीनं दवंडी पिटवली. राज्यातल्या प्रत्येक वैद्यानं खाणीवर जाऊन कोंडाईपाशी शिकायचं. न शिकेल त्यानं राज्यात वैद्यकी करायची नाही. वैद्यांची केवढी चिडचिड झाली! पिकल्या मिशांचे, शालजोडी पांघरणारे लोक ते. "या वयात आम्ही धडे गिरवायचे? आणि तेही हिच्यापाशी?" कुरकुरत का होईना, खाणीजवळच्या छपरात सगळे येऊन बसले. आपला वैद्यही मागं, खांबाला टेकून बसला. त्याला भीती वाटत होती आणि रागही येत होता. 'एक चूक झाली माझ्या हातून,' तो मनात म्हणत होता. 'पण मी का कुणाचा द्वेष केला?'

कोंडाई समोर आली. तिनं कुणाला शिव्याशाप दिले नाहीत. "वैद्यकी मला येत नाही," ती म्हणाली. "ती तुमची तुमच्यापाशी. आधी मला एवढं सांगा, तुम्हाला आयुष्यात सगळ्यात जास्त कधी दुखलं होतं? आणि तेव्हा जवळ कोण होतं?"

मग एकानं दाढ ठणकत होती ते सांगितलं, दुसऱ्यानं घोड्यानं मारलेली लाथ. आपल्या वैद्याची पाळी आली. लहानपणी त्याच्या पाठीवर कढत पाणी सांडलं होतं. आई केळीच्या पानावर त्याला पालथं निजवून वारा घालत होती. इतकी वर्षं तो ते विसरला होता.

"मी किंचाळत होतो, तेव्हा आई म्हणायची, 'माझ्या राजा, दुखतंय ना रे.' त्यानंच थोडं बरं वाटायचं."

"हे ध्यानात ठेवा," कोंडाई म्हणाली. "आता पुढचं. आमचं माणूस आलं, की तुमच्यातल्या एकानं इलाज करायचा आणि दुसऱ्यानं रोग्याचा हात धरून बसायचं. तोंडाकडे बघायचं. मान फिरवायची नाही. आणि मनात म्हणायचं, याला माझ्यासारखंच दुखतंय. बस. माझी शिकवण एवढीच."

एक म्हातारा, मोठा नावाजलेला वैद्य ताडकन उठला. "माझ्या मनात कुणाबद्दल वाईट नाही! मला कसली शिकवण हवी?" असं म्हणून, उपरणं झटकून तो निघून गेला. तोच शब्द आपल्या वैद्याच्याही ओठांवर होता. पण राणीच्या भयानं तो बसून राहिला.

पुढं खाणीत दरड कोसळली. एका माणसाचा दंड चिरडला. त्याला छपरात आणलं. हात धरायची पाळी आपल्या वैद्याची होती, आणि इलाज करायला त्याचाच जुना शिष्य पुढं सरसावला. शिष्यानं काढ्याची वाटी बाजूला सारली आणि हाड ओढायला घेतलं.

खाणवाला ओरडला नाही. हुं का चूं केलं नाही. लांबून कुणी पाहिलं असतं, तर म्हणालं असतं, 'बघा, दगडच तो!' पण त्याचा दुसरा हात वैद्याच्या हातात होता. तो हात घामानं भिजला, थरथरला, आणि मग त्यानं वैद्याची बोटं अशी आवळली की वैद्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं त्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं. दातांखाली ओठ फाटला होता. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं.

"थांब!" वैद्य ओरडला. "आधी काढा पाज त्याला!"

शिष्य चकित झाला. "गुरुजी, तुम्हीच तर शिकवलंत, की यांना..."

"खोटं शिकवलं मी! पाज म्हणतो ना!"

काढा पोटात गेल्यावर त्या माणसाची मूठ सैल पडली. वैद्यानं त्याला हळूच विचारलं, "बाबा रे, एवढं दुखत होतं, मग ओरडला का नाहीस?"

"ओरडलं की तुम्ही म्हणता सोंग करतोय," तो माणूस म्हणाला. "गप्प राहिलं की म्हणता याला दुखतच नाही. मग वैद्यबुवा, कसं दुखावं आम्ही?"

वैद्य छपराबाहेर जाऊन दगडावर बसला. आजवर त्याच्या अंगणात आलेली खाणीतली सगळी माणसं त्याला आठवू लागली. त्यानं कचकन ओढलेले हातपाय. हुसकावून परत पाठवलेली पोरंबाळं. त्यांचे आवाज कानांवर तेव्हाही पडले होते. पण त्यानं ते ऐकलेच नव्हते. आणि सगळ्यांच्या पुढं उभी होती सोनकी, पोट धरून दुमडलेली.

तो कोंडाईसमोर जाऊन जमिनीवर कोसळला.

"आजी," तो म्हणाला. आजवर त्यानं तिला कधी आजी म्हटलं नव्हतं. "आजी, मी तुमच्या लेकीला मारलं. तिला मी डोळ्यांदेखत मरणाकडे धाडलं. मला क्षमा करा. मी ही वैद्यकी सोडून देतो. मला जगवत नाही."

कोंडाईचे डोळे कोरडे होते.

"क्षमा माझ्यापाशी नाही," ती म्हणाली. "ती सोनकीपाशी होती. तिच्याबरोबर गेली."

"मग इतक्या शांतपणानं तुम्ही आम्हाला शिकवता तरी कशा?"

"तुमच्यासाठी नाही शिकवत. उद्या कुणाची तरी पोर पोट धरून तुमच्या दारात येईल, तिच्यासाठी शिकवते. म्हणून वैद्यकी सोडायची नाही. पळून जाणं सोपं असतं." त्याच्या हमसणाऱ्या खांद्यांकडे तिनं पाहिलं. "तुम्हाला दुखतंय, वैद्यबुवा. ते खरं आहे. त्याला मी सोंग म्हणणार नाही. माझ्यापाशी द्यायला एवढंच आहे."

वैद्य त्यावर इतका रडला, की क्षमा मिळाली असती तरी तेवढा रडला नसता.

पुढं काय झालं म्हणता? उपरणं झटकून गेलेला म्हातारा वैद्य शेजारच्या राज्यात गेला. तिथल्या राजाला त्याचं म्हणणं पटलं. त्याला पालखी मिळाली, मान मिळाला. आणि तिथल्या खाणीत माणसं पूर्वीसारखीच 'सोंगं करत' मरत राहिली.

आपला वैद्य खाणीजवळच्या छपरातच राहिला. खाणवाल्यांना शिवलेला हात नको, म्हणून नगरातल्या बड्या घरांनी त्याला बोलावणं बंद केलं. ज्या मुलीला त्यानं वाचवलं होतं, तिच्या बापानंही त्याच्यासमोर दार लावून घेतलं. त्यानं कुणाकडे तक्रार केली नाही. छपरात येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारी, "कुठं दुखतंय?" आणि जे उत्तर मिळेल ते खरं मानी. त्यामुळे पुष्कळ माणसं जगली. काही त्याच्या हातात मेलीही, कारण अंगावर कोसळलेला दगड शेवटी दगडच असतो. पण खोटं बोलतोस असं ऐकून तिथून कुणी परत गेलं नाही.

कोंडाई मात्र रोज कामावरून सुटली की खडीच्या ढिगापाशी जाऊन बसे. तिला तिथून उठवायचं धाडस वैद्याला कधीच झालं नाही.

म्हणून सांगतो, ऐकणाऱ्यांनो: द्वेष न करताही माणूस माणसाला मारू शकतो, आणि परक्याचं दुखणं आपल्याइतकंच खरं मानणं, हीच दयेची पहिली पायरी.