रानाची ओळ

फार जुनी गोष्ट आहे ही. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना नावं नव्हती आणि गावालाही नुसतं गावच म्हणत. माणसं मात्र तुमच्या-आमच्यासारखीच होती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

त्या गावात एक रीत होती. चैत्र लागला की पहिल्याच पहाटे सगळं गाव झऱ्याच्या कातळावर जमायचं आणि गाणं म्हणायचं. गाण्याच्या प्रत्येक कडव्यात चार ओळी. तीन गावाच्या, चौथी रानाची. तीन ओळी म्हणून झाल्या की सगळ्यांनी तोंडं मिटून गप्प बसायचं. मग रानातली पाखरं बोलायची, आणि त्या सगळ्यांच्या वरताण कस्तूर पाखराची लांब शीळ यायची. झाली चौथी ओळ. मग पुढचं कडवं.

ही नुसती मौज नव्हती बरं का. गावातल्या म्हाताऱ्या बायका डोळे मिटून ते उत्तर ऐकायच्या. उत्तर दाट आलं तर म्हणायच्या, "रान भरलेलं आहे, बेताबेतानं तोडा." विरळ आलं, तर त्या वर्षी कुऱ्हाडी आढ्याला टांगलेल्याच राहायच्या. त्यावर कुणी हुज्जत घालायचं नाही. पाटलांनीसुद्धा नाही.

गाण्याचा पहिला सूर द्यायचं काम एका बासरीवाल्याकडे होतं. तो कातळामागच्या करवंदीच्या जाळीआड बसायचा. का, तर गाणाऱ्यांनी सूर ऐकावा, सूर देणाऱ्याचं तोंड बघत बसू नये. या बासरीवाल्याला लहानपणापासून कस्तुराच्या शिळेचं वेड. आई रागवायची तेव्हाही तो झऱ्याकाठी जाऊन ती शीळ ऐकत बसे.

पुढे ऋतूंचं काहीतरी बिनसलं. पाऊस यायचा तेव्हा येईना, आणि आला की झोडपून काढी. उन्हाळा लांबत चालला. पळस भलत्याच महिन्यात फुलू लागला. एका चैत्रात गावानं तीन ओळी म्हटल्या, तोंडं मिटली, आणि रानातून नुसता एक बुलबुल बोलला. कस्तुराची शीळ काही आली नाही.

 कातळावर सगळ्यांचे चेहरे उतरले. दुसऱ्या कडव्यालाही तेच. बासरीवाल्याला ते सोसवेना. त्यानं बासरी ओठांना लावली आणि रडत रडतच कस्तुराची शीळ वाजवली. अगदी हुबेहूब, शेवटच्या लाडिक हेलकाव्यासकट.

"आलं ग बाई उत्तर," म्हाताऱ्या म्हणाल्या. सगळ्यांना हायसं वाटलं. आणि कुऱ्हाडी आढ्यावरून खाली उतरल्या.

बासरीवाल्यानं मनाशी म्हटलं, एकच वर्ष, एवढ्यानं काय होतंय. पण पुढच्या वर्षी बुलबुलही गप्प झाला. मग तांबट गेला, हळद्या गेला. जो जाईल त्याचा आवाज तो बासरीत घेई. वर्षभर चाली बांधत बसे, एकेक गेलेलं पाखरू आठवून त्यात घाली. हळूहळू अख्खी चौथी ओळ त्याचीच झाली. आणि खोटं कशाला बोला, फार सुंदर झाली होती ती. शेजारपाजारच्या गावांतून लोक ऐकायला येऊ लागले. ऐकून रडायचे, डोळे पुसायचे, आणि हलके होऊन घरी जायचे. बासरीवाल्याला पंगतीत मानाचं पान मिळू लागलं.

गावाला कळत नव्हतं म्हणता? कळत होतं हो. पण कळून घ्यायची कुणाला निकड नव्हती. लाकूड मिळत होतं, गाणंही झकास होत होतं. कोण कशाला त्या जाळीआड डोकावतंय?

झऱ्याचं पाणी मात्र आटत चाललं. बासरीवाल्याची बायको जिभेची तिखट. ती एकदा म्हणाली, "घागर धारेला लावते आणि शेजारणीची अख्खी रडकथा ऐकते, तरी घागर अर्धीच. तुमची पाखरं पिऊन जात असतील बहुतेक." तो खाली मान घालून जेवत राहिला.

अशातच पाटलांनी ठरवलं, यंदा झऱ्याच्या माथ्यावरची झाडं तोडायची. दुसरीकडे तोडण्याजोगं झाड उरलंच नव्हतं. ती झाडं गेली की झरा जाणार, आणि झरा गेला की गाव उठणार, हे शेंबड्या पोरालाही समजत होतं. कुणीतरी तसं बोललंही. पाटील म्हणाले, "आपण काय मनानं तोडतो का? चैत्राच्या पहाटे रान सांगेल तसं करू." आणि बासरीवाल्याकडे बघून ते किंचित हसले.

त्या पहाटेच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर, बासरीवाला चाल घोटायला झऱ्यावर गेला. शीळ वाजवली आणि समोरच्या फांदीवर खरोखरचा कस्तूर येऊन बसला. निळसर काळा, थकलेला, पंख जरा विसकटलेले. 

"तूच वाजवत होतास?" कस्तुरानं विचारलं.

"हो."

"मी दोन डोंगर ओलांडून आलो. वाटलं, आपलं कुणीतरी उरलंय."

 बासरीवाला म्हणाला, "तुमच्या आठवणीनं जीव तुटायचा रे. म्हणून वाजवत होतो."

"ते कळलं मला ऐकताना," कस्तूर म्हणाला. "फार छान वाजवतोस. वाईट वाजवलं असतंस तर बरं झालं असतं. कुणीतरी विचारलं तरी असतं, खरा कुठे गेला म्हणून."

एवढं बोलून तो झऱ्याची धार प्यायला आणि आला तसा उडून गेला.  आपण जिवाच्या आकांतानं जे राखत होतो, तेच आपल्या हातानं संपवत आणलं, हे बासरीवाल्याला त्या वेळी कळलं. तो हमसून हमसून रडला.

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "मानाचं पान जाईल."

"जाऊ दे."

"जाऊ दे तर जाऊ दे. माझ्या हातची भाकरी कुठे पळून जात नाही. तुम्ही बांधा नवी चाल."

पहाट झाली. गाव कातळावर जमलं. कुऱ्हाडी धार लावून आणलेल्याच होत्या. बासरीवाला या वेळी जाळीआड गेला नाही. सगळ्यांच्या पुढ्यात येऊन बसला आणि गावाच्या तीन ओळी त्यानं नव्या चालीत वाजवल्या. संथ चाल होती. दारापर्यंत जाऊन कुणाला तरी हाक मारावी, तशी ती चौथ्या ओळीपाशी येऊन थांबे. तिथे आल्यावर त्यानं बासरी मांडीवर ठेवली.

कुणी खोकलं. कुणी चुळबुळ केली. पाटील म्हणाले, "वाजव की रे पुढचं."

"पाटील, ही ओळ माझी नाही."

"मग कुणाची?"

"तेच ऐकूया म्हटलं."

सगळे ऐकू लागले. करंगळीएवढी धार कातळावर ठिबकत होती, तेवढाच आवाज. त्यानं दुसरं कडवं घेतलं आणि पुन्हा बासरी खाली ठेवली. मग तिसरं. इतक्या वर्षांचं गप्प रान लोक पहिल्यांदाच ऐकत होते. या वेळी रडून कुणी हलकं झालं नाही. सगळ्यांत म्हातारी बाई डोळे उघडून पाटलांना म्हणाली, "उत्तर आलं नाही, बाबा. कुऱ्हाडी टांगा."

"चुली कशानं पेटवायच्या?" पाटलांनी विचारलं.

"पेटवू कशानंही. पाण्यावाचून शिजवायचं काय, ते सांग."

 कुऱ्हाडी आढ्याला गेल्या. माथ्यावरची झाडं वाचली, झरा वाचला, आणि गाव होतं तिथेच राहिलं. दिवस मात्र सोपे नव्हते. बायका जळणासाठी शेणी आणि काटक्या गोळा करून थकल्या, आणि बासरीवाल्याच्या नावानं बोटं मोडत राहिल्या. मानाचं पान गेलं ते गेलंच. दर चैत्रात तो तीन ओळी वाजवी आणि बासरी खाली ठेवी. गाव त्या शांततेत बसून राही, आणि घरी जाताना माथ्यावर एकेक रोप लावून जाई.

बऱ्याच वर्षांनी एका चैत्रात, बासरीवाल्याचे दात पडून गेल्यावर, चौथ्या ओळीला रानातून एक शीळ आली. कोवळी, अडखळणारी, निम्म्यातच तुटलेली. बासरीवाल्यानं ओठ दाबून धरले. ती पुरी करायला त्यानं बासरी उचलली नाही.

पाटील हळूच म्हणाले, "अर्धं उत्तर आलं. मग थोडी तरी तोड..."

"आधी त्याला पुरं गायला शिकू दे," तेव्हाची सगळ्यांत म्हातारी बाई म्हणाली, आणि पाटलांसकट सगळं गाव हसलं.

तात्पर्य: जे गेलं त्याची जागा गोड सुरांनी बुजवू नये, ती रिकामी जागा नीट ऐकावी, म्हणजे उरलेलं राखायची बुद्धी होते.