किलोचा भाव

८ डिसेंबर. सकाळी धुकं, दुपारी लख्ख ऊन. नलिनीताईंच्या जुन्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर जळाला होता. पण विमानाचा गेम त्याच कॉम्प्युटरवर खेळायचा, हा त्यांचा हट्ट. तिसऱ्या दुकानात काचेआड हवा तसा वापरलेला प्रोसेसर दिसला.

नवे कॉम्प्युटर घ्यायला आलेल्या तिघांना ऐकू जाईल असं दुकानदार खटावकर हसले. "मावशी, यावर गेम? भंगार आहे ते, किलोला सहाशेने जातं. साठ हजारांचा नवा घ्या!"

"भंगारच द्या. पार्सलचा काटा समोर आहे, मोजा."

"अहो, तीन हजारांचा आहे तो!"

"मग यावर गेम चालतो, असं या तिघांना सांगा. तीन हजार देते."

खटावकरांनी त्या तिघांकडे पाहिलं आणि काटा ओढला.

प्रोसेसर तीस ग्रॅम भरला. ताईंनी अठरा रुपये दिले. संध्याकाळी सहाला त्यांचं विमान उडालं.