रानात टाकलेले पाय

श्रीनिर्मोहगिरी महाराज त्या वर्षी उंबरसोंड गावी मुक्कामाला होते. गाव डोंगराच्या पायथ्याशी, काळ्या कातळावर वसलेले. गावाबाहेरच्या लहानशा मठीत महाराज राहत. दर्शनाला मोठमोठी माणसे येत आणि जात. पण ओसरीवर रोज हक्काने बसणारी एकच होती, ठकूबाई बुरडीण.

ठकूबाईला मागेपुढे कोणी नव्हते. होता तो एक पांढरा ससा. फार पूर्वी जत्रेत एका खेळवाल्याने आजारी पिल्लू उकिरड्यावर टाकून दिले, ते हिने पदरात घेतले आणि नाव ठेवले कापशा. घरभर उड्या मारणारा तो कापशा आता म्हातारा झाला होता. मागचे पाय लुळे पडले होते. ठकूबाई सुपे विणायला मठीत येई, तेव्हा त्याला पसरट दुरडीत घालून सोबत आणी. खाली वाळले गवत, त्यावर जुन्या लुगड्याची घडी. घडी ओली झाली की ती लगेच बदलायची, कोमट पाण्याने त्याचे अंग पुसायचे, कोरडे करायचे, मग हलक्या हाताने कूस पालटायची. मान लांब करून खाणे त्याला जमत नसे. म्हणून ती गवताची एकेक काडी त्याच्या तोंडाशी धरी, आणि तो डोळे अर्धवट मिटून चावत राही.

गावचे वतनदार रंगोपंत खासनीस मोठे कर्मठ आणि विद्वान. त्यांना हे पाहवत नसे. एके दिवशी ते चारचौघांत म्हणाले, “ठके, नरदेह मिळाला तो सशाचे मूत पुसायला का गं? तेवढा वेळ देवाचे नाव घेतले असतेस, तर उद्धार झाला असता!”

“घेतेच की, पंत,” ठकूबाई म्हणाली. “हात कापशाकडं आन् तोंड देवाकडं.”

लोक खो-खो हसले. महाराज जवळच बसले होते. ते मात्र हसले नाहीत.

पुढे वैशाखात पंतांनी महाराजांची पाद्यपूजा आपल्या घरी योजली. परगावचे शास्त्री आले. मंडप सजला, पालखी सजली. सकाळी पंत मठीत आले, तो पायरीशी दुरडी आणि दुरडीत कापशा! ठकूबाई ओल्या घड्या धुवायला ओढ्यावर गेली होती. महाराज आत ध्यानाला बसलेले.

पंतांच्या कपाळाची शीर उठली. “शास्त्रीमंडळी याच वाटेने येणार, आणि ही घाण दारात?” त्यांनी आपल्या गड्याला हाक मारली. “भिवा, हे उचल आणि डोंगरावर टाकून ये. आज ना उद्या मरायचेच आहे ते.”

भिवाचे मन होईना. पण मालकाचा शब्द. दुरडी तिथेच ठेवून तो सशाला घेऊन गेला आणि रिकाम्या हाताने परत आला.

ठकूबाई आली. रिकामी दुरडी पाहून ती ओरडली, “कापशा! माझा कापशा कुणी नेला? अवो, त्याला पळता बी येत नाही!” ती गल्लीगल्लीतून धावू लागली.

इकडे वाजंत्री वाजली. महाराजांनी डोळे उघडले आणि उठू लागले, तो त्यांना उठता येईना! कमरेखाली शरीर जणू नव्हतेच. पंतांनी हात दिला. महाराजांच्या पायांना हात लागताच पंत दचकले. पाय बर्फासारखे गार! चार भोयांनी उचलून पाहिले, पण ती कृश मूर्ती तसूभर हलेना. वाजंत्री थांबली. शास्त्री एकमेकांकडे पाहू लागले.

“महाराज, हे काय झाले?” पंतांनी विचारले.

महाराज शांतपणे म्हणाले, “रंगोपंत, तुम्ही माझे पाय रानात टाकून आलात. आता मला चालवता कसे? आणि पूजा तरी कशाची करणार?”

पंतांचा चेहरा पांढराफटक पडला. भिवा तिथेच मटकन खाली बसला आणि रडू लागला. एवढ्यात दमलेली ठकूबाई दारात पोचली. तिने ते शब्द ऐकले. ती पंतांकडे पाहत राहिली.

पंत धावत निघाले. पायांत वहाणा नव्हत्या, अंगावर रेशमी सोवळे. तापलेल्या कातळाने तळवे भाजले. भिवाने सांगितलेल्या जागी ते पोचले आणि पाहतात तो काय! सारा डोंगर उन्हाने करपलेला, कुठे हिरवी काडी नाही. आणि त्या उघड्या कातळावर गुडघाभर हिरव्यागार गवतात कापशा पहुडला होता! गवतावर दंव होते. वर घारी फिरत होत्या, पण एकही खाली उतरत नव्हती. त्याच्या तोंडाशी गवत वाकले होते, जणू कोणी काडी धरून बसले होते, आणि तो सावकाश चावत होता.

पंतांना हुंदका आवरेना. त्यांनी त्याला उचलून छातीशी धरले. भ्यालेल्या त्या जिवाने सोवळे भिजवले. पंतांनी हात सैल केले नाहीत. ती इवलीशी धडधड छातीवर झेलत ते डोंगर उतरले.

ते मठीत आले, तेव्हा महाराज अंगणात उभे होते! पाय लालसर, उबदार, नेहमीसारखे.

“महाराज!” ठकूबाईने हात जोडले. “आता याचे पाय बी बरे करा.”

“बये, ते म्हातारे झालेत,” महाराज मायेने म्हणाले. “म्हातारपण हा काही रोग नव्हे. त्याला पाय नाहीत म्हणून तर देवाने तुला हात दिले.”

पंत महाराजांच्या पायांवर वाकू लागले. महाराज मागे सरले आणि त्यांनी ठकूबाईकडे बोट दाखवले.

सारे गाव श्वास रोखून पाहत होते. कापशाला उराशी धरूनच रंगोपंत वळले, गुडघ्यांवर आले, आणि त्या बुरडिणीच्या भेगाळलेल्या पावलांवर त्यांनी मस्तक ठेवले.

ठकूबाई गोंधळून गेली. “अवो पंत, हे काय? उठा, उठा,” ती म्हणाली. “उन्हात नका धरू त्याला, आदी सावलीत आणा.”