कंपाउंडरची बरणी

"तसंच लोणचं घालून बरणी परत भरून ठेवली, तर पाप लागतं का?"

मी बाबांना विचारलं. मठाच्या पडवीत बसलो होतो. मांडीवर चिनीमातीची रिकामी बरणी, फडक्यात गुंडाळलेली.

भैरवगिरी बाबा मेथी निवडत होते. गावाच्या वरच्या अंगाला हा मठ. बाबा प्रवचन करत नाहीत, अंगारा देत नाहीत. लोक तरी चढून जातात.

"बरणी कुणाची?"

"रंगनाथ कंपाउंडरची."

"मग त्याला विचार."

"त्याला विचारायचं असतं तर गुडघे दुखवून इथवर कशाला आलो असतो?"

बाबांनी एक जुडी माझ्याकडं सरकवली. मीही निवडायला लागलो. काय करणार...

एसटी स्टँडसमोर माझी खानावळ आहे. बत्तीस वर्षं झाली. महिन्याच्या बोलीवर जेवणाऱ्याला आमच्यात मेंबर म्हणतात. मेंबरची स्वतःची बरणी फळीवर असते. तूप, चटणी, लोणचं, ज्याचं त्यानं घरून आणायचं आणि नावाची चिठ्ठी लावून ठेवायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मालकानं तर नाहीच. हे कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे.

"हंगाम कसा गेला?" बाबांनी विचारलं.

"जोरात. एका वेळेला नव्वद ताटं उठवली, बाबा. तालुक्यात कुणी उठवून दाखवावीत."

खोटं नव्हतं ते. भादव्यात आमच्या सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, फुलं येतात. पूर्वी गुरंसुद्धा त्यांच्याकडं बघत नव्हती. आता तीन आठवड्यांचा महोत्सव भरतो. कमान लागते, तंबू लागतात, पार फाट्यापर्यंत गाड्या उभ्या राहतात. आणि सगळ्यांना एकदमच भूक लागते.

"आणि मेंबर?"

"त्यांना सांगितलं, तीन आठवडे तुमचं तुम्ही बघा. बाकडी लागतात मला."

"कुठं जेवले ते?"

"जेवले असतील कुठं तरी. उपाशी थोडेच राहतायत."

"आषाढात कोण असतं तुझ्याकडं?"

"मेंबरच. त्या पावसात दुसरं कोण मरायला येतंय?"

बाबा मेथी निवडत राहिले.

"आता फुलं सुकली," मी म्हटलं. "अकरा मेंबर होते, तिघं परत आले. मास्तरणीनं खोलीवर शेगडी घेतली. एसटीची माणसं फाट्यावर जेवतात. माणसाला जाणच राहिलेली नाही बघा."

"कुणाला?"

मी दुसरी जुडी ओढली.

"बरणीचं सांग," बाबा म्हणाले.

सांगितलं. दुसऱ्या रविवारी माझं लोणचं संपलं. पुण्याकडची एक बाई, गळ्यात कॅमेरा. काका, लोणचं नाही का, म्हणाली. मी फळीकडं बघितलं. लिंबाचं लोणचं होतं कंपाउंडरचं, सात वर्षं मुरलेलं, डांबरासारखं काळं. एक चमचा वाढला. बाईनं डोळे मिटले. मग तिनं शेजारच्या बाकड्यावरच्यांना हाक मारली.

"एक चमचा दिलास?"

"पहिल्या दिवशी एक."

"मग?"

"दुसऱ्या दिवसापासून लोक लोणचं मागतच यायला लागले. त्या बाईनं टाकलेला फोटो बघून. बाबा, त्या गर्दीत माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं."

"बरणी किती दिवसांत संपली?"

"चार."

बाबांनी काड्या बाजूला सारल्या.

"कंपाउंडर रोज किती घ्यायचा?"

ते मला सांगायचं नव्हतं. बायको जाऊन त्याला सहा वर्षं झाली. तिनं घातलेलं शेवटचं लोणचं ते. तो चमच्याच्या टोकावर एवढीशी फोड घ्यायचा, भाकरीच्या शेवटच्या घासाबरोबर. मीच त्याची चेष्टा करायचो. कंपाउंडर, डोस घेतला का, म्हणायचो. तो म्हणायचा, घेतला, जेवणानंतर एक वेळ.

"एक फोड," मी म्हटलं. "चिमटीएवढी."

"हं..."

"उद्यापासून जेवायला येतो, असा निरोप आलाय त्याचा. म्हणून विचारतोय. लिंबं आणलीत मी. गूळ जाळून घातला की रंग काळा येतो. पंचाहत्तरी उलटलीय त्याची, जिभेला काय कळतंय? त्याला दुःख व्हायला नको, एवढंच आहे माझं."

"एवढंच?"

"एवढंच."

बाबा उठले. आत जाऊन त्यांनी हाक मारली, "रंगनाथ, पानं घे. एक जास्त घे."

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली.

कंपाउंडर ताटं घेऊन बाहेर आला. धोतर खोचलेलं, हाताला पीठ. मला बघून हसला.

"ज्योतिराम, तू? बरं झालं आलास. बस. भाकरी माझ्या हातची आहे, तुझ्यासारखी गोल नाही होत."

"तुम्ही इथं?"

"मग कुठं? तू बाहेर काढलंस, बाबांनी आत घेतलं. तीन आठवडे झाले. भाकरी शिकलो की या वयात."

तो हे चिडून बोलला नाही. चिडला असता तर मीही चार शब्द बोललो असतो.

बाबा पानावर बसले आणि जेवायला लागले. मला वाटलं, काही तरी बोलतील. ते भाकरीत भाजी घालून खात होते, शेजारी कुणी नसल्यासारखे.

कंपाउंडरनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि तोही पानावर बसला. दोन घास खाल्ल्यावर फडक्याकडं त्याची नजर गेली. फडक्यातून बरणीचा गळा दिसत होता. चिठ्ठी त्याच्याच हातची, दवाखान्यातल्या पुड्यांवर लिहायचा तसल्या अक्षरात.

"माझी का ही?"

"हो."

"घेऊन आलास? कशाला एवढं ओझं..." त्यानं ती उचलली. उचलल्याबरोबर त्याला कळलं.

मी सांगितलं. लिंबं, गूळ, काही लपवलं नाही.

त्यानं बरणी खाली ठेवली. झाकण उघडून बघितलंही नाही.

"किती जणांनी खाल्लं?"

"दीडशे-दोनशे असतील."

"आवडलं का?"

"लई आवडलं. बोटं चाटली लोकांनी."

त्याचा चेहरा उजळला. खोटं सांगत नाही, उजळला. बायकोचं कौतुक ऐकताना नवरा जसा खाली बघतो, तसा तो खाली बघत होता.

"असायचंच तिच्या हाताला," तो म्हणाला. "मग... कुणाच्या हातचं म्हणून सांगितलंस?"

मी बाबांकडं बघितलं. ते पाणी पीत होते.

"ज्योतिराम?"

"लोक विचारत होते... घाईत तोंडातून निघून गेलं."

"काय निघून गेलं?"

"माझ्या आईच्या हातचं म्हणालो."

कंपाउंडरनं आपल्या पानातली उरलेली भाकरी झाकून ठेवली.

"तुझी आई मी बघितलीय," तो म्हणाला. "तिच्या शेवटच्या दुखण्यात इंजेक्शनं द्यायला मीच येत होतो. चांगली बाई होती."

त्यानं बाबांचं ताट उचललं, स्वतःचं उचललं. माझं तसंच ठेवलं, मी अजून जेवलो नव्हतो म्हणून. आणि मागच्या पाण्याच्या टाक्याकडं गेला.

मी बाबांपुढं हात जोडले. आयुष्यात कुणापुढं जोडले नव्हते.

"त्याच्या पाया पडतो, बाबा. जन्मभर फुकट जेवू घालतो. पुढच्या हंगामात एकही मेंबर उठवणार नाही. आणि बाहेर फळाच लावतो. मोठ्या अक्षरात लिहितो, ते लोणचं ज्योतिरामच्या आईनं घातलेलं नव्हतं, कंपाउंडरच्या बायकोनं घातलेलं होतं. येतील ना तेच लोक परत. वाचतील."

"लिही."

"आत्ता जाऊन लिहितो."

"तिचं नाव काय होतं?"

बत्तीस वर्षं तो माझ्याकडं जेवत होता. ती गावाकडनं बाजाराला यायची, खानावळीच्या दारात उभी राहून हाक मारायची, नवी बरणी माझ्याच हातात द्यायची. मी म्हणायचो, ठेवा वहिनी, देतो त्यांना.

वहिनी...

टाक्यावर ताट घासल्याचा आवाज येत होता.

"मला माहीत नाही, बाबा."

बाबांनी निवडलेली मेथी सुपात भरली, सूप कडेला ठेवलं आणि हात झटकले.

"तो हाकेच्या अंतरावर आहे," ते म्हणाले. "विचारून ये."